नाक्यावरची वर्गणी आणि परवानगीचा फेरविचार

सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून धर्मादाय हेतूसाठी पैसे गोळा केले जातात तेव्हा तीन गोष्टी एकाच वेळी घडतात: रस्त्याची काही जागा अडते, माणसे थांबल्याने गर्दी होते आणि अनोळखी माणसाचा पैसा दुसऱ्याच्या हाती केवळ विश्वासावर जातो. महाराष्ट्रात या तीन गोष्टींवर तीन वेगवेगळ्या यंत्रणांचा अधिकार चालतो. जागेचा निर्णय महापालिका किंवा नगरपालिका करते. गर्दी, ध्वनिवर्धक आणि मिरवणूक हा विषय पोलिसांचा असतो. आणि पैशाच्या हिशोबावर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, म्हणजे सार्वजनिक न्यासांची नोंदणी व देखरेख करणारी राज्य शासनाची यंत्रणा, लक्ष ठेवते. भिवंडीच्या धामणकर नाक्यासारख्या ठिकाणी वर्षभर चालणारा हा व्यवहार ज्यांनी परवाना विभागाच्या टेबलामागून पाहिला आहे किंवा मंडळाचे पावतीपुस्तक हाती घेऊन रस्त्यावरून अनुभवला आहे, त्यांना या विभागणीचा परिणाम पुरता ठाऊक असतो. परवानगी देण्यापूर्वी तीन कार्यालये कागद तपासतात, परंतु जमलेला पैसा कुठे खर्ची पडला हे त्याच नाक्यावर परत येऊन सांगण्याचे काम त्यांपैकी कोणाच्याही वाट्याला येत नाही. परवानगीच्या धोरणाचा फेरआढावा घ्यायचा असेल तर त्याची सुरुवात याच उणिवेपासून व्हायला हवी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

धामणकर नाका हा भिवंडीतल्या सर्वाधिक वर्दळीच्या चौकांपैकी एक आहे. कल्याण नाक्याकडून येणारी वाहतूक, अंजूरफाट्याकडे ठाण्याच्या दिशेने जाणारी वाहतूक, पद्मनगर आणि कामतघर या वस्त्यांमधले येणेजाणे आणि यंत्रमागांच्या कारखान्यांतून तागे वाहणारे टेम्पो यांची येथे गाठ पडते. मराठी, उर्दू, हिंदी आणि पद्मनगरच्या पद्मशाली विणकरांची तेलुगू या भाषा येथे शेजारीशेजारी ऐकू येतात, आणि म्हणून देणाऱ्यांच्या चालीरीतीही शेजारीशेजारी नांदतात. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्गिका ५ चे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले; धामणकर नाका हे या मार्गिकेवरचे एक स्थानक आहे. मेट्रोचे खांब उभे राहिल्याने येथल्या रस्त्याचा वापर बदलला आणि माणसाला थांबायला मिळणारी जागा आणखी कमी झाली. रस्त्याचा आकार बदलला की त्यावरच्या परवानग्यांचा हिशोब नव्याने मांडावा लागतो, ही साधी गोष्ट असली तरी कार्यालयीन कामात ती फार उशिरा लक्षात येते.

या चौकात वर्षभरात मागितल्या जाणाऱ्या पैशाचे स्वरूप ऋतूप्रमाणे पालटत जाते. रमजानच्या महिन्यात मदरशांसाठी चंदा गोळा करणारे सफीर, म्हणजे संस्थेने देणग्यांसाठी बाहेरगावी पाठवलेले प्रतिनिधी, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून भिवंडीत येतात, आणि त्यांच्या हाती पावतीपुस्तकासोबत बहुधा तसदीकनामा, म्हणजे जाणत्या उलेमांनी किंवा संघटनेने दिलेले खातरजमेचे पत्र असते. शासनाने न दिलेली, परंतु समाजाने स्वतःहून निर्माण केलेली ही परवाना पद्धतीच आहे, आणि देणारा व्यापारी हे पत्र वाचल्याशिवाय खिशात हात घालत नाही हे या व्यवहाराचे बलस्थान आहे. पावसाळा सरता सरता गणेशोत्सवाची वर्गणी सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ नवरात्राची. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवशी शाळा, कार्यालये आणि चौक यांमधून लहान ध्वज देऊन निधी जमवला जातो आणि तो सैनिक कल्याणाच्या कामी येतो. राज्यात कुठे महापूर आला, जसा ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आला होता, तर चादरीची चार टोके चौघांनी धरून मदतफेरी निघते आणि तिच्यात नोटा, नाणी, कधी औषधांच्या पट्ट्याही पडतात.

यांतले पावतीपुस्तक जवळून पाहण्याजोगे असते. चांगल्या मंडळाच्या पुस्तकात प्रत्येक पानावर छापील अनुक्रमांक असतो, वर मंडळाचे नाव व नोंदणी अथवा परवानगीचा क्रमांक असतो, मूळ पावती देणाऱ्याला मिळते आणि कार्बनखालची स्थळप्रत पुस्तकातच राहते. हलगर्जी मंडळाच्या पुस्तकात क्रमांक हाताने घातलेले असतात, रक्कम केवळ अंकांत लिहिलेली असते, आणि अक्षरी रकमेची ओळ कोरी सोडलेली असते. या कोऱ्या ओळीमुळे पाचशेचे पाच हजार किंवा पाच हजारांचे पाचशे करायला एका शून्याचा फरक पुरतो. परवाना विभागात बसणाऱ्या अनुभवी लिपिकाला पुस्तकाची पहिली आणि शेवटची पाने पाहूनच कारभाराचा अंदाज येतो. परंतु हे पुस्तक तपासण्याचा अधिकार त्याच्या टेबलाकडे नसतो, आणि ज्या कार्यालयाकडे तो असतो ते ठाण्याला असते.

वर्गणी गोळा करण्याच्या परवानगीचा आधार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्यात आहे. न्यास म्हणून नोंदणी न झालेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय हेतूने पैसे जमवायचे असतील तर त्या कायद्याच्या कलम ४१क अन्वये धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज करून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, आणि विनापरवानगी वसुली हा तुरुंगवास व दंडास पात्र असा गुन्हा ठरतो. अर्जासोबत सहसा मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे, जागेविषयीचे कागद, भागातल्या नगरसेवकाचे पत्र आणि पूर्वी परवानगी घेतली असल्यास मागील वर्षीचा हिशोब मागितला जातो. यांतला शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा असूनही अर्जदार तो सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने तयार करतो. उत्सव संपल्यावर महिनाभरात लिहिलेला हिशोब आणि पुढच्या उत्सवाच्या आठ दिवस आधी आठवून लिहिलेला हिशोब यांतला फरक कागद पाहताच कळतो: पहिल्यात बिलांच्या रकमा विषम आणि सुट्या असतात, दुसऱ्यात मंडपापासून फुलांपर्यंत सर्व खर्च पूर्ण शेकड्यांत येतो.

या कायद्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा कायदा फारसा चर्चेत येत नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी याचना करणे हीच भिक्षा मानली असून, कायद्याने मान्य केलेल्या किंवा सक्षम अधिकाऱ्याने विहित रीतीने परवानगी दिलेल्या हेतूसाठी पैसे मागणे मात्र तिच्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे एकाच चौकात डबा घेऊन उभा असलेला स्वयंसेवक आणि वाटी घेऊन बसलेला निराधार माणूस यांच्यात कायद्याच्या लेखी जो फरक आहे तो केवळ एका कागदाचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये हा कायदा दिल्लीपुरता लागू करणाऱ्या तरतुदींपैकी बऱ्याचशा घटनाबाह्य ठरवल्या, कारण गरिबीलाच गुन्हा मानणे समतेच्या आणि जगण्याच्या हक्काला बाधा आणते असे न्यायालयाचे मत पडले. परवानगीचे धोरण ठरवणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण रस्ते मोकळे करण्याची मोहीम निघाली की जो कागद दाखवू शकत नाही तोच प्रथम उचलला जातो, मग त्याने कोणाला त्रास दिलेला असो वा नसो.

महापालिकेचा स्वतःचा अधिकार जागेपुरता आहे आणि तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्यातून येतो. रस्त्यावर अडथळा होईल असे बांधकाम किंवा वस्तू ठेवण्यास या कायद्याने मनाई आहे. मात्र सण-समारंभाच्या प्रसंगी तात्पुरता मंडप घालू देण्याची मुभा आयुक्तांना आहे आणि परवानगीत अटी घालण्याचाही अधिकार त्यांना आहे. ही मुभा किती सैल वापरली जाते हा प्रश्न ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला. त्या याचिकेत मार्च २०१५ च्या आदेशाने आणि पुढे ऑगस्ट २०१६ च्या निकालाने न्यायालयाने स्पष्ट केले की वाहतुकीला आणि पादचाऱ्यांना अडथळा होईल अशा रीतीने रस्त्यावर मंडपाला परवानगी देता येणार नाही, आणि उत्सवापूर्वी मंडपांची पाहणी करण्याची व्यवस्था शासनाने उभारावी. राज्यातल्या महापालिकांना मंडप धोरणाचा खरा फेरविचार करावा लागला तो यामुळे. तोपर्यंत धोरण म्हणून जे चालत होते ते बहुतांश गेल्या वर्षीच्या परवानगीची पुनरावृत्ती होते.

या पुनरावृत्तीचे उत्तम उदाहरण म्हणजे अर्जाला जोडला जाणारा हातनकाशा. पट्टीने आखलेल्या दोन समांतर रेषा म्हणजे रस्ता, त्यांच्या मधोमध किंवा कडेला एक चौकोन म्हणजे मंडप, एका टोकाला ‘कल्याणकडे’ आणि दुसऱ्या टोकाला ‘ठाण्याकडे’ असे बाण, आणि रस्त्याची रुंदी फुटांत. असा नकाशा एकदा मंजूर झाला की दरवर्षी त्याची झेरॉक्स काढून केवळ वर्ष बदलले जाते, आणि झेरॉक्सची झेरॉक्स होत गेल्याने रेषा पुसट होतात, पण रुंदीचा आकडा मात्र कायम राहतो. मधल्या काळात दुभाजक आलेला असतो, मेट्रोचा खांब आलेला असतो, फेरीवाल्यांची ओळ पुढे सरकलेली असते. म्हणून कामात मुरलेला कर्मचारी नकाशावर विसंबत नाही; तो मुकादमाला सोबत घेऊन, वाहतूक ओसरल्यावर रात्री जागेवर जातो, टेपचे एक टोक त्याच्या हाती देतो आणि मोजलेला आकडा अर्जाच्या पाठीवर लिहून खाली सही व वेळ टाकतो. हे पाच मिनिटांचे काम सर्व वादांचे मूळ मिटवते, कारण मंडळाच्या कार्यकर्त्यांसमोर मोजलेली रुंदी नंतर कोणी नाकारत नाही. धोरणाचा फेरआढावा या शब्दांचा कामाच्या पातळीवरचा अर्थ एवढाच असतो: जुना आकडा बाजूला ठेवून जागेवर टेप धरणे.

औपचारिक फेरआढाव्याची वाट याहून लांबची असते. विभागप्रमुख टिपणी तयार करतो, म्हणजे प्रश्न, पूर्वीचे ठराव, कायद्याची तरतूद आणि प्रस्ताव यांची एकत्र मांडणी करतो. ती उपायुक्तांमार्फत आयुक्तांकडे जाते, आणि विषय आर्थिक असेल तर स्थायी समितीपुढे, धोरणात्मक असेल तर महासभेपुढे येतो. उपविधी, म्हणजे कायद्याच्या चौकटीत महापालिकेने स्वतः करावयाचे नियम, बदलायचे असतील तर मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. काप आळीतल्या महापालिका मुख्यालयाच्या सूचनाफलकावर किंवा वृत्तपत्राच्या आतल्या पानावर अशी सूचना लागते, तेव्हा ती ज्यांच्याविषयी असते त्या फेरीवाल्यांपैकी, मंडळांपैकी, मदरशांच्या प्रतिनिधींपैकी फार थोड्यांच्या नजरेस पडते. भिवंडीत मे २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासकाच्या काळात ठराव झाले, परंतु त्यांच्यावर सभागृहात वाद झाला नाही, आणि अर्जासोबत नगरसेवकाचे पत्र मागणारी जुनी अट कोणाच्या सहीने पुरी करायची हा प्रश्न लोकांना स्वतःच सोडवावा लागला. लोकप्रतिनिधीच्या पत्राची अट तशीही योग्य नाही; ओळखीच्या माणसाला ते पत्र सहज मिळते आणि नव्याने वस्तीला आलेल्याला मिळत नाही, आणि त्यातून हिशोबाच्या खरेपणाविषयी काहीच कळत नाही.

फेरआढावा ठरलेल्या मुदतीत झालाच पाहिजे असे स्पष्टपणे सांगणारा या क्षेत्रातला ठळक कायदा म्हणजे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. त्याने दर पाच वर्षांनी किमान एकदा पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण बंधनकारक केले, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडून आलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात असे ठरवले, आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घेण्याची मर्यादा घातली. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या ७ लाखांच्या थोडी वर होती. त्या हिशोबाने ही मर्यादा साडेसतरा हजारांच्या पुढे जाते, आणि धामणकर नाक्यावर हातगाडी लावणाऱ्याला या आकड्यात आपले स्थान कुठे आहे हे विचारण्याचा हक्क मिळतो. वर्गणीच्या क्षेत्रात असा हक्क कोणालाच नाही. देणगीदारांची समिती नाही, ठरावीक मुदतीचे सर्वेक्षण नाही, आणि एका चौकात एका दिवशी किती संस्थांनी उभे राहावे याचा विचारही नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हीच गोष्ट स्थानिक संस्थेच्या कक्षेत येते, आणि तुलनेसाठी ती पाहण्यासारखी आहे. तेथे १९१६ च्या एका कायद्याने रस्त्यावरच्या निधिसंकलनाचे नियम करण्याचा अधिकार दिला, आणि तेव्हापासून रूढ झालेल्या आदर्श नियमांत डबा क्रमांकित व मोहरबंद असावा, तो जबाबदार व्यक्तींसमोरच उघडावा, दोन स्वयंसेवकांत २५ मीटर अंतर असावे, कोणाचाही पिच्छा पुरवू नये आणि संकलनानंतर महिन्याभरात हिशोब सादर करावा, अशा अटी आहेत. तसेच २००३ च्या परवाना कायद्याने मद्यविक्री व करमणुकीच्या परवान्यांबाबत प्रत्येक स्थानिक संस्थेला लेखी धोरणपत्र ठेवायला लावले आणि पोलीस, व्यावसायिक व रहिवासी यांचे म्हणणे ऐकून ते ठरावीक वर्षांनी, आरंभी तीन आणि नंतर पाच वर्षांनी, नव्याने ठरवण्याचे बंधन घातले. तेथल्या नियमांची नक्कल भिवंडीत उपयोगाची नाही. गणेशोत्सवाच्या मंडपाला २५ मीटरचा नियम लावता येत नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत: डब्याची मोहर आणि हिशोबाची मुदत.

भिवंडीत परवानगी या शब्दाला इतिहासाचे जे ओझे आहे ते येथे विसरता येत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी शहरात भीषण दंगल उसळली आणि तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाला मिरवणुकीचा मार्ग, घोषणा आणि पोलिसांची पूर्वतयारी यांचा तपशिलाने विचार करावा लागला. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, ज्यांत हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतले रहिवासी आणि साधे पोलीस शिपाई एकत्र बसून गल्लीतले लहान वाद मोठे होण्यापूर्वी सोडवू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या अनुभवाचा कार्यालयीन अर्थ असा की, या शहरात रस्त्याच्या वापराविषयीचा निर्णय जेव्हा जेव्हा त्या रस्त्यावरच्या माणसांना बसवून घेतला गेला तेव्हा तो टिकला. वर्गणीच्या धोरणासाठी निराळी यंत्रणा शोधण्याची गरज नाही; ती घडवण्याची रीत या शहराने स्वतःच दाखवली आहे.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीनमजली इमारत कोसळली आणि किमान ३८ जणांचा बळी गेला. कोविडच्या टाळेबंदीने आधीच यंत्रमागांची चाके थांबलेली होती. अशा वेळी मदत मागणाऱ्याला आधी अर्ज करा असे सांगणे माणुसकीला धरून होत नाही, आणि धोरणाने तसे सांगूही नये. परंतु याच वेळी लोक सर्वांत कमी चौकशी करून सर्वाधिक देतात, म्हणून आपत्तीतल्या मदतीसाठी वेगळी तरतूद हवी: त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात किंवा पोलीस चौकीत केवळ नाव, हेतू आणि डब्यांची संख्या नोंदवावी, डब्याला तेथेच मोहर लागावी, आणि मोजणी पंचांसमक्ष व्हावी. कागद एक पानाचा, वेळ दहा मिनिटांचा. देणाऱ्याचा विश्वास मात्र पुढच्या आपत्तीपर्यंत टिकेल.

सर्वसाधारण वेळेसाठीही महापालिकेला नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. मंडपाच्या किंवा चौकातल्या जागेच्या परवानगीतच एक अट वाढवता येईल: ज्या जागेवर पैसे मागितले त्याच जागेवर, कार्यक्रम संपल्यापासून तीस दिवसांच्या आत, जमा आणि खर्चाचा फलक मराठी, उर्दू आणि गरजेप्रमाणे तेलुगूत लावावा, आणि त्या फलकाचे छायाचित्र पुढच्या वर्षीच्या अर्जाला नकाशाच्या आधी जोडावे. ते छायाचित्र धर्मादाय कार्यालयालाही पाठवले तर पैसा पाहणारे कार्यालय आणि जागा पाहणारे कार्यालय प्रथमच एकाच कागदाकडे पाहतील. या अटीला मंडळांचा विरोध होईल अशी भीती बाळगली जाते, परंतु धामणकर नाक्यावर वर्षानुवर्षे चोख कारभार करणाऱ्या मंडळांना ती उपकारकच ठरेल, कारण आज त्यांची पावती आणि कोऱ्या ओळीची पावती देणाऱ्याच्या हाती सारखीच दिसते.

हे होईपर्यंत देणाऱ्यांनी थांबू नये आणि देणेही थांबवू नये. नाक्यावर कोणी पावतीपुस्तक पुढे केले तर परवानगीचा क्रमांक पाहावा, रक्कम अक्षरी लिहून घ्यावी, आणि उत्सव सरल्यावर त्याच जागी जाऊन हिशोब विचारावा.